गप्प बसणारे मूल

डहाणू किंवा तलासरीच्या पाड्यावरील एखादे मूल शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. त्याच्या बुद्धीचा विकास धीमा असेल. त्याला ऐकू येत नसेल. अथवा घरी वारली बोलणाऱ्या त्या बालकाला पुस्तकी मराठीच उमगली नसेल. बाहेरून तिन्ही मुले सारखीच गप्प दिसतात. उपाय मात्र निरनिराळे. निदान चुकले, तर मुलाची उमेदीची वर्षे वाया जातात.

हा भेद ओळखून त्याप्रमाणे शिकविण्याची विद्या म्हणजे विशेष शिक्षण होय. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात, तसेच वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तिचे अध्यापन होते. १९९२ च्या कायद्यान्वये अशा शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत.

परंतु ही विद्या पाड्यावर पोचावयाची कशी? त्याचा धडा याच मुलुखात आहे. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले.

विशेष शिक्षकानेही प्रथम त्या अंगणात बसावे. मूल खेळात रमले असता पाठीमागून, त्याच्या आईच्या बोलीत, हाक मारावी. त्याने वळून पाहिले नाही, तर कानांची शास्त्रीय तपासणी करवावी. वळले, तर पुढचा शोध घ्यावा. विद्यापीठाची पदवी खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होते.