बंदुकीच्या कुलपाचे पैसे कोणी द्यायचे?

पुण्याहून पौडच्या रस्त्यानं निघालं की पिरंगुटजवळ कासार आंबोली नावाचं गाव लागतं. तालुका मुळशी. आजूबाजूला डोंगर, भातखाचरं आणि अलीकडच्या वर्षांत उभे राहिलेले कारखाने. या गावाचं नाव दूरवर पोचलं ते एका शाळेमुळे. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीनं १९९७ साली इथं राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा सुरू केली. मुलींसाठी वेगळी सैनिकी शाळा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. इथल्या मुली अभ्यासाबरोबर घोड्यावर बसायला शिकतात, अडथळ्यांच्या शर्यती करतात आणि नेमबाजीही शिकतात.

नेमबाजी म्हणजे नुसतं 'ठो' करणं नव्हे बरं का! दहा मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत पूर्ण दहा गुण देणारा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवा, साधारण तेवढाच. श्वास रोखायचा, हात स्थिर ठेवायचा, चाप अलगद मागं घ्यायचा. आपल्या महाराष्ट्रानं या खेळात मोठी नावं कमावली आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात ब्राँझपदक आणलं.

आता एक प्रश्न विचारतो. सराव संपला, सगळे जेवायला गेले. मग रायफल कुठं जाते?

तुमचा दादा किंवा ताई एन.सी.सी.त असेल तर त्यांना 'कोत' हा शब्द विचारा. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. दार जाड, खिडकीला गज, रायफली ओळीनं उभ्या आणि साखळीनं जखडलेल्या. प्रत्येकीला नंबर. बाहेर काढताना वहीत नोंद, परत ठेवताना मोजणी. गोळ्या निराळ्या ठेवलेल्या, त्यांचा हिशेब निराळा. एक रायफल जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कुणाची सुटका नाही. ऐकायला हे जाचक वाटतं, पण खेळाचा हाही एक भाग आहे. चांगल्या नेमबाजाला नेम धरण्याआधी हत्यार जागेवर ठेवायला शिकवतात.

आता शाळेतून घराकडे येऊ. कारण सगळ्याच बंदुका काही कोतीत नसतात.

भाताच्या लोंब्या भरू लागल्या की डोंगराकडच्या गावांत रानडुकरांचा त्रास सुरू होतो. एका रात्रीत कळप खाचरात शिरतो आणि सकाळी पाहावं तर नुसता चिखल. म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. ठासणीची बंदूक म्हणजे जुन्या घाटाची. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग छर्रे, मग गजानं ठासायचं. आणि गंमत अशी की, खरं तर ही गंमत नाहीच, एकदा ठासलेली बंदूक सहजासहजी रिकामी करता येत नाही. बार काढला तरच ती मोकळी होते. डुक्कर आलंच नाही तर? तर भरलेली बंदूक तशीच घरात येते. कुणी खुंटीला टांगतं, कुणी माळ्यावर ठेवतं.

शहरातही घरगुती बंदुका असतात. बँकेच्या दारात बसणाऱ्या काही रखवालदारांची दुनळी त्यांच्या स्वतःच्या परवान्यावरची असते. कुणा निवृत्त फौजी आजोबांकडे रायफल असते. खंडेनवमीला ती बाहेर निघते, पुसली जाते, तिला हळदकुंकू वाहिलं जातं. मग दसरा झाला की कपाटावर, साड्यांच्या गठ्ठ्यामागं, गादीखाली. मोठ्यांना वाटतं, इथं मुलांचा हात पोचणार नाही. मुलांनो, तुम्हीच सांगा, दिवाळीच्या आधी आईनं लपवलेला चिवड्याचा डबा तुम्हाला कधी सापडला नाही असं झालंय का?

आपल्या कायद्याला हे ठाऊक आहे. बंदुकीच्या परवान्यासाठी वय २१ पूर्ण असावं लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याला हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते घरात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ साली कायदा आणखी कडक झाला. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनवर आल्या. लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. निवडणूक आली की अनेक परवानाधारकांना आपली हत्यारं काही दिवस पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेही तुम्ही ऐकलं असेल.

पण हमीच्या कागदाला कडी-कोयंडा नसतो. त्यासाठी लोखंडी कपाट हवं, मजबूत कुलूप हवं, आणि त्याला पैसे पडतात. इथंच आपल्या गोष्टीत कर येतो. कर म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण थोडं थांबा, हा कराचा वेगळा उपयोग आहे.

अमेरिकेत घराघरांत बंदुका आहेत. तिथं २०२० साली एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीनं पहिला क्रमांक गाठला. मोटार अपघातांनाही तिनं मागं टाकलं. बंदूक काढून घेतो म्हटलं तर तिथं मोठं वादळ उठतं. मग काही राज्यांनी म्हटलं, निदान ती कुलपात ठेवा, आणि कुलूप घ्याल तर आम्ही कर सोडतो. वॉशिंग्टन राज्यानं १९९८ सालीच बंदूक ठेवण्याच्या तिजोरीवरचा विक्रीकर माफ केला. व्हर्जिनिया राज्यानं २०२३ पासून दुसरी तऱ्हा काढली. तिजोरीची पावती दाखवा आणि ३०० डॉलरपर्यंतची रक्कम तुमच्या आयकरातून कमी करून घ्या. आपल्या हिशेबानं पंचवीस हजार रुपयांच्या वर झाले की!

मिशिगन राज्याची हकिकत मात्र वाईट आहे. तिथल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं गोळीबार केला आणि चार विद्यार्थी गेले. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चार दिवसांपूर्वी विकत आणलेलं होतं. पिस्तूल नीट बंदोबस्तात ठेवलं नव्हतं, असा ठपका ठेवून २०२४ साली न्यायालयानं आई आणि वडील दोघांनाही तुरुंगात पाठवलं. दरम्यान २०२३ साली त्या राज्यानं दोन गोष्टी केल्या. लहान मूल घरात असेल तर बंदूक कुलपातच ठेवली पाहिजे असा कायदा केला, आणि कुलूप-तिजोरी यांवरचा विक्रीकर माफ करणाराही कायदा केला. एका हातात छडी, दुसऱ्या हातात खाऊ. मला ही जोडी बरी वाटते. नुसत्या छडीनं लोक बंदूक लपवतात, आणि नुसत्या खाऊनं तिजोरी घरी येते पण तिचं दार उघडंच राहतं.

आपल्याकडे काय आहे? चला, गणित करू. दहा हजार रुपयांची छोटी तिजोरी घेतली तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,८०० रुपये. कुलपावरही १८ टक्केच. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर पूर्वी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे बंदुकीला सरकारनं चैनीच्या वस्तूंच्या रांगेत बसवलं, ते ठीकच आहे. पण ती कोंडून ठेवणाऱ्या तिजोरीचा भाव काही त्यानं उतरला नाही.

मग आपणही अमेरिकेसारखी सवलत द्यावी का? द्यावी, पण कुठली, ते नीट पाहायला हवं. समजा, व्हर्जिनियासारखी आयकरातली सूट दिली. तिचा फायदा कुणाला? जो आयकर भरतो त्याला. मुळशीतल्या डुकरं राखणाऱ्या शेतकऱ्याला काहीच नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही. नसलेल्या करातून वजा काय करणार? रखवालदाराच्या पगारावरही बहुधा कर बसत नाही. म्हणजे ज्यांच्या घरी कपाट नाही, खोली एकच आणि मुलं तिथंच झोपतात, तेच नेमके सवलतीबाहेर. वॉशिंग्टनची पद्धत इथं जास्त शहाणपणाची ठरेल. दुकानातच कर लावायचा नाही. मग श्रीमंत येवो की गरीब, दोघांचेही १,८०० वाचतात.

आणि खरं सांगू? शेतकऱ्याला दहा हजारांची तिजोरी हवीच असं नाही. चापावर बसणारं छोटं कुलूप मिळतं, नळीतून ओवायची पोलादी तार मिळते. अमेरिकेत तर बंदूक बनवणाऱ्यांच्याच संघटनेनं १९९९ पासून अशी कुलपं फुकट वाटली. तिच्या हिशेबानं आकडा चार कोटींच्या पुढं गेला आहे. आपल्याकडे परवान्याच्या कागदाबरोबरच एक कुलूप हातात ठेवलं तर किती खर्च येईल? ठासणीच्या बंदुकीसाठी मात्र त्याआधी एक काम आहे. शेतावरून येताना, सुरक्षित जागा बघून बार काढून टाकायचा आणि मगच घराचा उंबरा ओलांडायचा. त्यावर कुणी कर लावत नाही आणि सवलतही देत नाही.

तिजोरी घेतली म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. जर्मनीत विनेनडेन या गावी २००९ साली सतरा वर्षांच्या मुलानं शाळेत गोळीबार केला. पंधरा माणसं गेली. त्याचे वडील नेमबाजीच्या क्लबाचे सभासद होते. घरात चांगली तिजोरी होती आणि बाकीची सगळी हत्यारं तिच्यात बंद होती. एकच पिस्तूल तेवढं झोपायच्या खोलीत राहिलं होतं. त्यानंतर जर्मनीनं कायदा बदलला. आता तिथं अधिकारी घरी येऊन हत्यार कसं ठेवलंय ते पाहू शकतात. जपानमध्ये तर बंदूक एका कपाटात आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात ठेवावी लागतात, आणि पोलीस दरवर्षी तपासणी करतात. आपल्याकडे सवलत आली तर पावतीबरोबर अशी एखादी फेरीही यायला हवी. नाहीतर तिजोरीत दागिने आणि बंदूक पुन्हा गादीखाली!

कुणा मित्राच्या घरी खेळता खेळता बंदूक दिसली तर? हात लावायचा नाही. 'ती रिकामी आहे' असं कुणी सांगितलं तरी नाही, कारण हे वाक्य म्हणणाऱ्यानं बहुतेक वेळा आत पाहिलेलंच नसतं. तिथून बाहेर पडायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मित्र भित्रा म्हणाला तर म्हणू दे. सैनिकी शाळेतल्या मुलीसुद्धा हुकमाशिवाय रायफलीला हात लावत नाहीत.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. घरातली प्रत्येक किल्ली कुठं टांगलेली असते हे मुलांना तुमच्याआधी ठाऊक असतं. देवघरामागचा खिळा, फ्रिजवरची वाटी, पिठाच्या डब्याचं झाकण, सगळं. तेव्हा बंदुकीच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवा. आकडी कुलूप घेतलंत तर त्याचा नंबर म्हणून मुलाची जन्मतारीख ठेवू नका, तो सगळ्यात आधी तीच लावून बघेल.