नोकरीसोबतची शेती : वेळ आणि श्रम यांचा विचार

प्रस्तावना :
पूर्णवेळ नोकरी सांभाळून वडिलोपार्जित शेती करणारा वर्ग महाराष्ट्रात नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी चाकरमान्यांपैकी अनेकांनी गावचे घर आणि भातखाचरे यांच्याशी असलेले नाते तोडले नव्हते. कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरपर्यंत घटले. एवढ्या क्षेत्रावर, विशेषतः जिरायत भागात, कुटुंबाचा संपूर्ण चरितार्थ चालणे कठीण असल्याने नोकरी व शेती यांची सांगड अनेकांना अपरिहार्य ठरते.

पीकनिवड व वेळ :
अशा शेतीत जमीन वा भांडवल यांपेक्षा वेळ हा घटक अधिक दुर्मीळ असतो. म्हणून पिकाची निवड केवळ एकरी उत्पन्नावरून न करता त्याला केव्हा व किती श्रम लागतात, यावरून करणे इष्ट होय. भेंडीची तोडणी एक-दोन दिवसांआड करावी लागते. ती लांबल्यास फळे जून होतात. दुभत्या जनावरासाठी रोज सकाळ-संध्याकाळ माणूस लागतो. याउलट काजूची पक्व बोंडे आपोआप गळतात व उन्हात वाळवलेली बी साठवता येते. त्यामुळे वेचणीस थोडा विलंब झाला तरी चालतो. ७ बाय ७ मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २०० कलमे बसतात. तथापि, पालवी व मोहोराच्या काळात येणारी ढेकण्या कीड रविवारच्या सुट्टीची वाट पाहत नाही.

अदृश्य श्रम :
‘फावल्या वेळातील शेती’ हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. नोकरदार कार्यालयात असताना पाणी देणे, राखण, वेचणी ही कामे बहुधा पत्नी अथवा वृद्ध आईवडील करतात. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना कौटुंबिक श्रमाचे मूल्यही विचारात घेतो. घरच्या हिशेबात मात्र ते अनेकदा धरलेच जात नाही. परिणामी, वस्तुतः पगारावर पोसलेली शेतीही नफ्यात असल्याचा आभास निर्माण होतो.

समारोप :
शेतीचा जमाखर्च पगारापासून वेगळा ठेवणे, घरच्या माणसांच्या कामाचे दिवस त्यात नोंदविणे आणि त्यानुसार क्षेत्र व पीक ठरविणे, ही या जोडव्यवसायाची त्रिसूत्री होय. जे प्रत्यक्ष राबतात त्यांना निर्णयातही वाटा मिळाला, तरच अशी शेती पुढील पिढीपर्यंत टिकू शकेल.