विरलेले कापड आणि नवी द्रव्ये

परटाकडून आलेले शुभ्र धोतर झटकताच टर्रकन फाटते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. दोष धोतराचा नव्हे, ब्लीचिंग पावडरीच्या अतिरेकाचा. सुताचे मुख्य द्रव्य सेल्युलोज. ग्लुकोजच्या हजारो मण्यांची ती लांबच लांब माळ होय. ब्लीचने या मण्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि माळ जागोजाग तुटते. १८८३ साली फ्रान्समधील रूआँ येथे जॉर्ज विट्झ याने असे बिघडलेले कापड तपासले, तेव्हा मिथिलीन ब्लू हा रंग त्यावर निरोगी कापडापेक्षा गडद चढतो असे त्यास आढळले. कापड दुबळे झाले खरे, पण रंग धरावयास त्याला नवे हात फुटले होते! आम्हांला सांगावयाचे आहे ते या हातांविषयी.

प्रत्येक मण्यावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. स्वभावाने ते थंडच. ऑक्सिडीकरणाने त्यांचे ॲल्डिहाइड किंवा कार्बॉक्सिल गट बनले, की ते इतर द्रव्यांशी सहज जुळतात. ब्लीचिंग पावडर मात्र आंधळी. वाटेल तेथे घाव घालते. पेरियोडेटचे तसे नाही. ते मण्यातील दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनांमधला बंधच तोडते व तेथे दोन ॲल्डिहाइड गट उभे करते. त्यांना ॲमीन जोडता येते. प्रथिनांतही ॲमीन गट असल्यामुळे एखादे एन्झाइम सेल्युलोजला बांधून ठेवता येते. हा बंध पाण्यात सुटू नये म्हणून बोरोहायड्राइडने तो पक्का करतात. ॲमीनऐवजी क्लोराइट वापरले, तर दोन्ही ॲल्डिहाइडांचे कार्बॉक्सिल होतात. एकाच खुंटीवर हवे ते वस्त्र टांगावे, तसा हा प्रकार. किंमतही मोजावी लागते : असे ॲल्डिहाइडयुक्त सेल्युलोज अल्कलीत टिकत नाही.

नायट्रोजन डायऑक्साइड मुख्यतः सहाव्या कार्बनावर कार्बॉक्सिल गट घडवतो. ही रीत अमेरिकेत याकेल व केनयन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी भरलेली साधी सुती जाळी पुढे काढावी लागे आणि काढताना रक्त पुन्हा वाहू लागण्याचे भय असे. ऑक्सिडीकृत जाळी शरीरात विरघळून जाते, हे व्हर्जिनिया फ्रान्ट्झ या विदुषीने १९४३ साली दाखवले. शरीरातील द्रव किंचित अल्कधर्मी असतात. धोब्याच्या घरचा दोष येथे रोग्याच्या कामी आला. मात्र ही जाळी आम्लधर्मी असल्याने तिच्यासंगे लावलेले थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारे एन्झाइम, निकामी होते. म्हणून आम्लता मारून तिची सोडियम वा कॅल्शियमची लवणेही तयार करतात.