सायकलवरचे क्षण लक्षात का राहतात?

आम्ही सोलापूरचे पाच-सहा सायकलवाले. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेतून, एकाचं अजून दुकान आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकत्र सायकल चालवतोय. आजचा विषय ‘सायकलने आयुष्यभरात काय दिलं’ असा ठेवलाय. नुसत्या आठवणी सांगितल्या तर तुम्ही ऐकून घ्याल आणि घरी गेल्यावर विसराल. म्हणून आम्ही एक प्रश्न घेऊन आलोय. इतक्या वर्षांतले काही क्षण पक्के लक्षात राहिले, बाकीचे हजारो किलोमीटर पुसले गेले. असं का? आमचं म्हणणं असं, की त्या क्षणांमागे नशीब कमी आणि कारणं जास्त आहेत. कारण कळलं की तो क्षण दुसऱ्यालाही देता येतो.

पहिलं कारण वेगाचं. सायकलचा साधारण वेग ताशी १८ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. या वेगाने शेतातला चंडोल ऐकू येतो, गुऱ्हाळाचा वास येतो, बांधावरचा माणूस हात करतो आणि त्याला उलट हात करायला वेळही मिळतो. चालत गेलं तर हे सगळं मिळतं, पण नान्नज गाठून दुपारच्या आत घरी येता येत नाही. नान्नज शहरापासून वीसेक किलोमीटरवर. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोकचं अभयारण्य तिथं आहे. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण हिवाळ्यात सकाळी रस्त्याच्या कडेला थांबलं की माळावर काळविटांचा कळप दिसतो. आणि हे स्वस्तात मिळतं. एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे : तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला चालताना जी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पाचव्या भागात सायकलवाला पोचतो.

दुसरं कारण वारा. सोलापूरकराला वाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो. अशा वेळी आम्ही नळदुर्गला जायचो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे बघायला. हैदराबाद रस्त्याने पूर्वेकडे जाताना वारा पाठीला. पन्नासेक किलोमीटर कसे गेले कळायचं नाही. प्रत्येकाला वाटायचं, आज आपले पाय भलतेच जोरात आहेत!

परतताना हिशेब उलटा. हा हिशेब समजून घ्या. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी २० ने चाललाय आणि समोरून १५ चा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ३५ ची. म्हणजे अडथळा तिप्पट. तोच वारा पाठीला असेल तर अंगावर फक्त ५ ची हवा, अडथळा सोळाव्या भागाइतका. सकाळचे ‘जोरदार पाय’ कुणाचे होते ते संध्याकाळी कळतं.

यावर उपाय एकच, ओळीने चालायचं. पुढच्या चाकाच्या आडोशाला मागचा राहिला की त्याचे चांगला पाव भाग तरी श्रम वाचतात. पुढचा दोन-तीन मिनिटं वारा खातो, मग बाजूला होऊन शेवटी जातो. एका जुलैत असेच इटकळच्या अलीकडे आम्ही मान खाली घालून येत होतो. मागून एक दूधवाला आला. जुनी लोखंडी सायकल, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. आमच्या गिअरच्या सायकली बघून म्हणाला, “कुठं चाललाव मामा?” सांगितलं. थोडा वेळ तो आमच्या मागे राहिला. मग स्वतःहून पुढे आला, म्हणाला, “आता मी वारा घेतो, तुम्ही मागं या.” चार किलोमीटर तो पुढे होता. त्याचा फाटा आला, हात वर केला आणि वळला. नाव विचारायचं राहिलं. धबधबा किती मोठा होता ते आज नीट आठवत नाही, पण त्या माणसाची पाठ आठवते. सोबतीचा अर्थ तिथं पायाला कळला होता.

तिसरं कारण भूक. शरीरात साठवलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत आटत जाते. मग पाय जड, डोकं सुन्न. म्हणून भूक लागण्याआधी खायचं आणि तहान लागण्याआधी प्यायचं. उन्हाळ्यात तर पहाटे पाचला निघून दहाच्या आत घरात. हे नियम साधे आहेत, पण त्यांच्यामुळे जेवणाची चव बदलते. हत्तरसंग कुडल शहरापासून सुमारे ४० किलोमीटर, भीमा आणि सीनेच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. त्याच्याखाली बसून खाल्लेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आम्हाला अजून पंचपक्वान्नांपेक्षा मोठी वाटते. गाडीने गेलात तर शिलालेख तोच दिसेल, पण ती चव नाही येणार.

आता सगळ्यात मोठं कारण, शिकवणं. आमच्या पिढीला कुणी रीतसर शिकवलं नाही. तासावर भाड्याने मोठी सायकल आणायची, दांडीच्या मधून पाय घालून हाफ पायडल मारायचं, गुडघे फोडून घ्यायचे. त्या वेळी गिरणीचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरायचा. सायकल ही कामगाराच्या रोजच्या भाकरीची वस्तू होती. गिरण्या बंद पडल्या, घराघरात मोटारसायकल आली, आणि हौशी लोक सोडले तर सायकल म्हणजे गरिबी असं समीकरण झालं.

काही वर्षांपूर्वी आम्ही रविवारी सकाळी होम मैदानावर मोठ्यांना शिकवायला सुरुवात केली. पद्धत सोपी आहे. पायडल काढून टाकायचे, सीट इतकी खाली की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, आणि पायांनी ढकलत पुढे जायचं. तोल म्हणजे काय? सायकल ज्या बाजूला पडते, हँडल त्याच बाजूला वळवायचं. नवशिक्या घाबरून उलट वळवतो म्हणून पडतो. हे अंगात बसलं की पायडल परत लावायचे. दांडीला धरून मागे पळावं लागत नाही.

विडी वळणाऱ्या एक ताई आल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, नऊवारी नेसलेल्या. तिसऱ्या रविवारी त्यांना पायडल लावून दिले. त्या निघाल्या आणि थांबल्याच नाहीत. अख्ख्या मैदानाला फेरी मारून, पाय घासत आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या म्हणाल्या, “रिक्षाचे पैसे वाचले की आता.” आमच्यापैकी एकाने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे १२०० किलोमीटर नव्वद तासांत करायचं स्वप्न वर्षानुवर्षं बाळगलंय. तोसुद्धा म्हणाला, यापुढे ते लहान वाटतं.

हा भावनेचा प्रश्न नाही. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं. शाळा जागेवरच होती, फक्त ती जवळ आली.

मग अडचण कुठे आहे? अडचण रस्त्यावर आहे. आमच्या नातवंडांकडे आमच्यापेक्षा चांगल्या सायकली आहेत. पण त्यांना हायवेवर सोडायची हिंमत आमचीच होत नाही. मुलं सोसायटीच्या आत गोल फिरतात. वारा, चढ, भूक, अनोळखी दूधवाला, यातलं काहीच त्यांना भेटत नाही.

आणि रस्ता बदलता येत नाही असं नाही. कोजागिरीला इथून हजारो लोक रात्रभर चालत तुळजापूरला जातात, तेव्हा त्या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडे वळवतात. एका रात्रीसाठी का होईना, आपण ठरवतो आणि होतं. तेच रविवारी सकाळी दोन तास, गावातल्या एखाद्या रस्त्यावर करता येईल. महापालिकेकडे हे मागायला आमच्याबरोबर पालक हवेत. पाच-सहा म्हाताऱ्यांचं कोण ऐकणार?

तोवर तुमच्या हातात एवढं आहे. घरातली पडून असलेली सायकल दुकानात न्या, ओव्हरऑयलिंग करून घ्या, चाकाचा आऊट काढून घ्या. आणि पहिल्या फेरीला एकटे जाऊ नका. शेजारचं एक पोरगं किंवा घरातली एक बाई, जिला कधी कुणी शिकवलं नाही, तिला बरोबर घ्या. रविवारी सकाळी सहाला आम्ही होम मैदानावर असतो. पाना आम्ही आणतो.