स्तनांचा भार : शस्त्रक्रियेचा विचार केव्हा करावा?
रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ मध्ये स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली; २०१८ मध्ये तिने फ्रेंच ओपन स्पर्धा जिंकली. मात्र हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही. मान, खांदे व पाठ सतत दुखणे, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांचे खांद्यांवर खोल वळ पडणे, स्तनांखालील त्वचा वारंवार चिघळणे हा त्रास योग्य मापाची अंतर्वस्त्रे, व्यायाम आणि औषधे यांनीही कमी होत नसेल, तर प्लास्टिक सर्जनचा सल्ला घ्यावा. संकोचापोटी केवळ पाठदुखीच सांगितली, तर उपचारही पाठीवरच होत राहतात. शस्त्रक्रियेचे व्रण कायम राहतात, स्तनाग्रांची संवेदना कमी होऊ शकते. स्तनपानातही अडचण येऊ शकते. त्यामुळे पुढे अपत्य हवे असल्यास डॉक्टरांना ते आधीच सांगावे.