गोठ्यातला छुपा ताप

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी तापाने बेजार झाला होता. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. असे पाच महिने चालले. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा मलेरियाचे जंतू दिसले नाहीत. दिसले ते वळवळत पळणारे, निमुळते, भलतेच परजीवी. गुरांच्या डॉक्टरांना ते ओळखीचे होते: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. या परजीवीमुळे घोडे, उंट, कुत्रे, गाई-म्हशींना जो आजार होतो, त्याला म्हणतात सर्रा. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा रुग्ण वैद्यकीय जगापुढे मांडला. माणसाला सर्रा झाल्याची पक्की खात्री झालेला तो पहिला रुग्ण मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने सुरामिन हे औषध पुरवले आणि माणूस बरा झाला.

ही घटना विदर्भाच्या त्या टोकाची. आपण बुलढाणेकर या टोकाचे. पण गुरे तीच आणि माश्याही त्याच.

सर्ऱ्याचा परजीवी पहिल्यांदा ओळखला तो ग्रिफिथ इव्हान्स या इंग्रजी फौजेतल्या पशुवैद्याने, १८८० साली, तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे. घोडे आणि उंट मरत होते आणि त्यांच्या रक्तात हे जीव पोहत होते. रक्तातला जंतूच रोगाचे कारण आहे, हे त्याचे म्हणणे वरिष्ठांना तेव्हा सहजी पटले नाही. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा परजीवी याचाच जवळचा नातेवाईक. तो त्सेत्से माशीच्या पोटात वाढतो, म्हणून ती माशी जिथे आहे तिथेच तो राहतो. सर्ऱ्याच्या परजीवीने मात्र माशीत वाढण्याची क्षमताच गमावली. नुकसान व्हायला हवे होते, झाला फायदा. त्सेत्से माशीचा पाश सुटला आणि तो उंट-घोड्यांच्या रक्तातून आशियाभर पसरला.

आपल्याकडे त्याला गोमाशी पुरते. गोमाशीची मादी अंडी घालण्यासाठी रक्त पिते. तिचा चावा इतका दुखतो की जनावर शेपटीने किंवा कातडी थरथरवून तिला उडवते. अर्धपोटी माशी लगेच शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या सोंडेला लागलेले ओले रक्त त्या जखमेत उतरते. डॉक्टरने न बदललेली सुई टोचावी, तसेच हे. सोंडेवर परजीवी थोडाच वेळ जगतो, त्यामुळे खेटून बांधलेल्या जनावरांतच हा फैलाव जोरात होतो. गोमाशीच्या अळ्या ओल्या चिखलात वाढतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे तिचा जोर असतो. पोळ्याला आपण बैलांची खांदमळणी करतो, हळद-तूप चोळतो, तेव्हा माश्यांचा हंगाम भरात असतो.

आता मुख्य गोष्ट. घोडा, उंट, कुत्रा यांना सर्रा झाला तर ते उघड आजारी पडतात: ताप, रक्तक्षय, पायांना नि पोटाखाली सूज, झपाट्याने वजन घटणे. गाय-म्हैस बहुतेक वेळा असे काही दाखवत नाही. दूध थोडे आटते, गाभ पडतो, जनावर विनाकारण खंगते. पुष्कळदा तेवढेही नाही. महिनोन्महिने परजीवी रक्तात राहतात आणि माशी त्यांची ने-आण करते. म्हणजे जे जनावर धडधाकट दिसते तेच रोगाचे कोठार. कामाचा ताण, लांबचा प्रवास, दुसरा आजार अंगावर पडला की दबलेला रोग उसळू शकतो. शंकरपटाला लांबून आणलेल्या बैलजोड्यांबद्दल हे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

बुलढाण्याला यासाठी सोयीची जमीन आहे. घाटावरची शेते वेगळी, घाटाखालची वेगळी. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी साचते आणि म्हशीही भरपूर. पूर्णाथडी म्हैस याच खोऱ्याची. कच्छ-काठेवाडकडचे रबारी उंट-मेंढ्या घेऊन विदर्भात फिरतात, वरातीचे घोडे गावोगाव जातात, गुरांचे बाजार भरतात. यात कुणाचा दोष नाही. रोगाला चालायला वाट मात्र मिळते.

मग सगळ्या माणसांनाच सर्रा का होत नाही? माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचे प्रथिन असते. परजीवी ते गिळतो आणि आतून फुगून फुटतो. चंद्रपूरच्या शेतकऱ्यात हे प्रथिन कामाचे नव्हते, त्याच्या जनुकांच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी नागपूरच्या डॉक्टरांसह २००६ मध्ये ते उलगडले. एवढ्यावर निर्धास्त व्हावे असे वाटत होते. पण त्या शेतकऱ्याच्या गावात १,८०६ लोकांची रक्ततपासणी झाली, तेव्हा सुमारे तेवीस टक्के लोकांत या परजीवीशी संबंध आल्याच्या प्रतिक्रियेची खूण मिळाली. प्रत्यक्ष परजीवी मात्र तपासलेल्या कुणाच्याही रक्तात सापडले नाहीत. पुढे व्हिएतनाममध्ये एका स्त्रीला सर्रा झाला, आणि तिचे प्रथिन धड होते. नियमाला अपवाद असतो, हे त्यातून कळले.

सगळ्या कीटकजन्य आजारांत जनावर कोठार असते असे मात्र समजू नये. काळा आजार पसरवणारी वाळूमाशी गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत राहते, गुरांचे रक्त पिते, पण भारतात त्या परजीवीचे कोठार माणूस मानला जातो. ब्राझील आणि भूमध्य समुद्राच्या काठी तशाच आजारात कुत्रा कोठार ठरतो. मलेरियाचा मानवी परजीवी तर गाईत वाढतच नाही. उलट गाईचे रक्त आवडणारा डास तिकडे वळतो, म्हणून काहींना गाय ढाल वाटते. त्यावर मत एक नाही: गुरे जास्त तर डासांचे पोषणही जास्त.

२०२२ मध्ये लम्पी आला. तो विषाणूचा आजार, परजीवीचा नाही, आणि माणसाला होत नाही. तरी त्याने आपल्या जिल्ह्यात गुरे मारली आणि चावणारी माशी किती काम करते ते प्रत्येक गोठ्याने पाहिले. त्या वेळी झालेली फवारणी आणि बाजारबंदी सर्ऱ्यालाही उपयोगाची असते, याची आठवण कुणी ठेवली असेल तर बरे.

करायचे फारसे अवघड नाही. घोडा गाई-म्हशींजवळ बांधू नये. उकिरडा आणि चिखल गोठ्यापासून लांब ठेवावा. प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरायला सांगावे. ताप असतानाच रक्त काढून घ्यावे, कारण उतरल्यावर परजीवी सहसा सापडत नाहीत. डायमिनाझीनसारखी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. अर्धा डोस दिला तर जनावर बरे झाल्याचे दिसते, परजीवी मात्र उरतो. जखम असलेल्या हाताने जनावराचे रक्त हाताळू नये. आणि न उतरणाऱ्या तापासाठी दवाखान्यात जाल, तेव्हा घरी गुरे किती, त्यांतले कोणते अलीकडे खंगले आहे, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.