दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय का मिळत नाही?

मणक्याचं दुखणं वर्षानुवर्षं सोसणाऱ्या अम्मीसाठी ट्रॅमाडॉल आणायला गेलं की मेडिकलवाला आधी चिठ्ठी मागतो. राग येतो. पण तो संशय घेत नसतो, कायदाच तसा आहे.

ही गोळी 'शेड्यूल एच-१' मध्ये आहे. शिवाय 2018 पासून तिला अंमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदाही लागू आहे. पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव, गोळ्यांची संख्या लिहून ते रजिस्टर दुकानदाराला 3 वर्षं जपावं लागतं. कोल्हापुरात सीपीआरला दाखवा की खासगी दवाखान्यात, नियम एकच.

म्हणून चिठ्ठीवर नाव-पत्ता, तारीख, डोस, एकूण गोळ्या आणि सही आहे का, ते तिथेच बघून घ्या. एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. पुन्हा लागणार असेल तर तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच जा.

घरच्यांनी 'नशेची गोळी' म्हणून टोमणे मारू नयेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात घेतलेलं औषध म्हणजे नशा नव्हे. मात्र मनाने डोस वाढवू नका, एकदम बंदही करू नका. रमजानमध्ये रोजा ठेवायचा असेल तर गोळीच्या वेळा आधी डॉक्टरांना विचारा.